पुढच्या सीटवरचा ढोल

लिंबाजी आबांच्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर ढोल बसायचा. बसायचा म्हणजे अगदी माणसासारखा, सीटबेल्ट लावून. आबा स्वतः बेल्ट लावत नसत. "पट्टा आवळला की आवाज पोटात अडकतो," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची बायको गयाकाकू आणि रोज सकाळी फुकटात करमाडच्या शाळेत शिकवायला जाणारी मी, अशा आम्ही दोघी मागं. काकूंचे गुडघे दुखायचे. पुढं पाय पसरायला ऐसपैस जागा होती, पण ती ढोलाला दिलेली. ढोलाला पाय नव्हते, हा मुद्दा मी एकदा काढून पाहिला. आबांनी तो ऐकला नाही.

एकदा सिडकोच्या सिग्नलवर पोलिसानं गाडी अडवली. आधी ढोलाकडं बघितलं, मग आबांकडं.

"काका, ढोलाला बेल्ट आन् तुमाला नाय?"

"साहेब, मी जिता हाय, मी धरून बसन," आबा म्हणाले. "त्यो बिचारा कशानं धरन?"

पोलीस इतका हसला की पावती फाडायचंच विसरला. मागून रिक्षावाले ओरडायला लागले, "अरे चलो ना बाबा, कायकू खड़े हैं?" तेव्हा कुठं आम्ही सुटलो.

ढोल पुढंच का, असं विचारलं की आबांचं उत्तर तयार असे. "मागं ऊन लागतं. कातडं आखडतं." हे झालं उन्हाळ्याचं. पावसाळ्यात विचारलं तर, "मागं ओल लागती. कातडं सैल पडतं." हिवाळ्यात मी विचारलंच नाही. आबांकडं हिवाळ्याचंही कारण असणार, याची मला खात्री होती.

आबांचं मूळ घर मेंढरं राखणाऱ्यांचं. करमाडच्या अलीकडं त्यांची वस्ती, जिथं दोघं अजून रोज सकाळी जातात, वस्तीला लागून वडिलार्जित माळरान. त्या माळावर कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. मग कारखान्यांची वसाहत आली आणि कुसळाला भाव आला. किती आला ते आबा सांगत नाहीत आणि काकू कुणाला विचारू देत नाहीत. इकडं शहरात, आमच्या उस्मानपुऱ्यात मात्र आमच्या शेजारी दुमजली बंगला उभा राहिला. बंगल्यात सोफा आला, सोफ्यावर घोंगडी आली, आणि घोंगडीवर आबा बसतात म्हणून सोफ्याचं प्लास्टिक आजतागायत कुणी काढलेलं नाही. झोपायला आबा गच्चीवर. खोलीत थंड हवेचं यंत्र आहे, ते पाहुण्यांसाठी. पाहुणे वस्तीवरचे, तेही गच्चीवरच झोपतात.

गाडी आबा स्वतः चालवतात, पण हॉर्न वाजवत नाहीत. काच खाली करून मेंढरं हाकायची हाळी देतात. आधी जिभेनं ट्टॉक ट्टॉक, मग घशातून लांबलचक हुर्रर्र. आणि देवाशपथ सांगते, ट्रकसुद्धा बाजूला होतात. एकदा जालना रोडवर एक अख्खी वरात त्यांनी अशीच हाळी देऊन कडेला लावली होती. नवरदेवाचा घोडा सगळ्यात आधी बाजूला झाला.

आणि आबा गातात. आमच्या सगळ्या गल्लीचं सुख आणि सगळ्या गल्लीचा ताप हाच. रोज सकाळी, दूधवाला यायच्या सुमारास, बापाची घुंगुरकाठी घेऊन ते गच्चीवर उभे राहतात आणि ओवी लावतात. धनगरी ओवी म्हटल्यावर देवाची असेल, बिरोबाची असेल असं गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना वाटतं. ते हात जोडून खिडकीत येतात आणि ऐकू येतं ते हे:

"आभाळाचा देव म्हणं, मी वर्षाला येतो ग येतो,
नळाचा देव म्हणं, मी इचारून सांगतो ग सांगतो."

आमच्या शहरात नळाला पाणी येणं ही काय चीज आहे, हे इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यामुळं ही ओवी आमच्या गल्लीत भूपाळीसारखी चालायची. रस्त्यावरचे खड्डे, बंद दिवे, निवडणुकीला उगवणारे आणि नंतर मावळणारे पुढारी, सगळ्यांवर आबांची ओवी होती. पण नाव कुणाचंच नाही. "नाव नाय घेनार, गाव सांगतो," हे त्यांचं पालुपद. गाव सांगायचे, गल्ली सांगायचे, दारातलं झाड सांगायचे, कुत्र्याचा रंग सांगायचे. नाव तेवढं घेत नसत.

ही शिकवण त्यांच्या बापाची. निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनच्या आधी, बापानं म्हणे एका जहागीरदाराच्या घोड्यावर ओवी रचली होती. घोडा कसा येतो आणि अख्खं गायरान कसं चरून जातो, एवढंच. ना घोड्याचं नाव, ना मालकाचं. फक्त घोड्याच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, असं एका ओळीत आलं. तेवढ्यावर बाप उलटा टांगला गेला. "टिळा नसता घातला तर वाचला असता," आबा सांगायचे. "तवापून आमच्यात नाव घ्यायची चाल नाय."

त्यांच्या गाण्यात एक गंमत होती. प्रत्येक ओळ म्हणून झाली की आबा थांबायचे. चांगले दमभर थांबायचे. कानाला तळवा लावून, उगवतीकडं, म्हणजे करमाडच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे. मग पुढची ओळ. आम्हाला वाटायचं, वय झालं, ओळ आठवत नसेल. नेमकी त्याच वेळी माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची आणि ती बरोबर त्या रिकाम्या जागेत बसायची. "तुझा कुकर आबांना साथ देतो," असं आमचे हे म्हणायचे. मीही हसायचे. एवढ्या तयारीचा गवई आणि त्याच्या साथीला माझा कुकर!

गणपतीत गल्लीच्या मंडळानं आबांची ओवी ठेवली. एका पक्षाचे पुढारी पाहुणे म्हणून आले होते. आबांनी पाण्याची ओवी लावली, टाकीपासून तोटीपर्यंत सगळ्यांची सालं काढली. पुढाऱ्यांना वाटलं, हे आपल्या विरोधकांवर आहे. ते मांडी थोपटून दाद देत राहिले आणि शेवटी शाल घातली. दोन दिवसांनी विरोधक आले. तीच ओवी, तीच मांडी, दुसरी शाल. आबा खुश व्हायला हवे होते. ते मात्र दुसऱ्या दिवशी गाडीत कुरकुरत होते.

"शाली लई झाल्या बाई," म्हणाले. "एक हिनं फ्रिजवर टाकली, एक शिलाई मशिनीवर. पाणी कुटंय?"

"नाव घेतलं असतंत तर कळलं असतं त्यांना," मी म्हटलं.

"नाव घेतलं असतं तर शाल मिळाली नसती," मागून गयाकाकू म्हणाल्या. काकू कमी बोलतात, पण बोलल्या की आबांना गिअर बदलावा लागतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त देशपांडे सर राहतात. आबांच्या गाण्याला त्यांची तात्त्विक हरकत होती. "ज्याच्या दारात गाडी उभी आहे, त्यानं गाऱ्हाणं गाऊ नये," असं ते जिन्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत. "गवयानं एक तर श्रीमंत व्हावं, नाहीतर रागवावं. दोन्हीचा मान एकाच माणसाला कसा मिळेल? यांच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत. यांना पाण्याची काय ददात?"

आबांच्या कानावर हे गेलं. ते सरांकडं गेले, त्यांच्याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, एक सांगा. उपाशी मानूस बोलला तर लोकं म्हनतेत, भूक बोलायली. भरल्या पोटी बोललो तर म्हनतेत, ढेकर हाय. मग बोलावं कुनी?"

सरांनी चहा मागवला. मग म्हणाले, "पण तुमच्या दोन टाक्या..."

"त्या भरतेत कुटं?" आबा म्हणाले. "तेच तर गायलोय मी."

हा वाद सर हरले असं मी तेव्हा धरून चालले होते. पण हीच हरकत दुसरीकडून, सरांपेक्षा फार कमी शब्दांत आली, आणि ती आबांना लागली. ती हरकत होती कोंडिबांची.

कोंडिबा म्हणजे आबांचे चुलतभाऊ. वयानं दोनेक वर्षांनी लहान. त्यांच्या वाट्याचं रान ओढ्याच्या पलीकडं, तिकडं कारखाने आले नाहीत, म्हणून कोंडिबा अजून मेंढरं राखतात. दोघं पोरवयापासून जोडीनं गायचे. आबा ओळ टाकणार, कोंडिबा गळ्यात ढोल अडकवून ती उचलणार. ही उचलण्याची रीत आबांनी मला गाडीत समजावून सांगितली होती.

"ओवी एकट्याची नसती बाई. गानारा ओळ टाकतो. झीलकरी ती उचलतो, फिरून म्हनतो, तवा ती खरी झाली. झीलकऱ्याला खोटी वाटली तर त्यो नाय उचलीत. ढोल बंद करतो. मग गानाऱ्यानं ती पुन्यांदा टाकायची. तरी पडली, तर तिसऱ्या खेपंला गानाऱ्याची परीक्षा. तवाबी पडली तर काठी खाली ठिवायची आन् बसायचं. जत्रंत पुन्ना काठी धरायची नाय."

"तुमची कधी पडली?"

"माझी?" आबांनी ट्टॉक ट्टॉक करून एक टेम्पो बाजूला घातला. "आजवर नाय."

रोज त्या रस्त्यानं जाताना मला कोंडिबा दिसायचे. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पुढं मेंढरं. रस्ता मोठा झाला तेव्हा मधे दुभाजक आला. माणूस त्याच्यावरून टांग टाकून जातो, मेंढरू कसं जाणार? मग कोंडिबा मेंढरं घेऊन पार पुढच्या वळणापर्यंत जायचे आणि पलीकडून तेवढंच मागं यायचे, तळ्यावर पाणी पाजायला. दुभाजकाला मेंढरापुरतं भगदाड द्या, अशी आबांची एक ओवी होतीच. फार जोरकस ओवी. ती गाडीत लागली की काकूसुद्धा मान डोलवायच्या.

पण रस्ता ओलांडल्यावरही कोंडिबांची वाट सरळ नव्हती. तळ्याला जाणाऱ्या जुन्या मेंढवाटेवर एक लांबच लांब भिंत होती. आत कुणाचं तरी गोदाम. भिंतीला निळं फाटक, फाटकाशी वॉचमन. कोंडिबांची मेंढरं त्या भिंतीच्या कडेकडेनं वळसा घालून जायची. ती भिंत कुणाची, हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. कळलं ते आबा तिथं गाडी थांबवून वॉचमनला काही सांगायला उतरले तेव्हा. भिंत आबांची होती. कारखान्यांच्या वेळी विकायचा राहिलेला तुकडा त्यांनी गोदामाला भाड्यानं दिला होता.

"आबा, ही तर मेंढरांच्या वाटेवर आहे," मी म्हटलं.

"मग फाटक ठिवलंय की! भाडेकरू नाय म्हनत होता, म्या भांडून ठिवून घेतलं. मेंढरं आली की वॉचमनला माझं नाव सांगायचं. लगेच उघडतो."

"मग कोंडिबा नाव का सांगत नाहीत?"

आबांनी काच खाली केली आणि मोकळ्या रस्त्यावर हुर्रर्र केलं. पुढं कुत्रंसुद्धा नव्हतं.

काकूंनी नंतर शाळेच्या फाटकापाशी मला हळूच सांगितलं. मागच्या चैत्रात वस्तीवरच्या बिरोबाची जत्रा झाल्यावर याच गोष्टीवरून दोघांचं बिनसलं होतं. कोंडिबा एवढंच म्हणाले होते, "बापजाद्याच्या वाटंनं जायला मी वॉचमनला तुझं नाव सांगू व्हय?" त्यानंतर वर्षभर दोघं बोलले नव्हते.

"आन् यांना वाटतं, आपली भिंत मंजी भिंतच नाय," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याची आसती तर एव्हाना धा ओव्या झाल्या आसत्या."

पुढच्या चैत्रात जत्रा जवळ आली तशी वस्तीवर कुजबुज सुरू झाली. जत्रेत गायची काठी आता दुसऱ्याला द्यावी. आबा बंगल्यात राहणार, गाडीतून येणार, मेंढराचं दुःख गाणार आणि संध्याकाळी गाडीतून जाणार, हे कसं? जाणत्यांनी मधला मार्ग काढला. या साली आबांनी गावं, झील कोंडिबानं धरावी. ओळ पडली तर काठी सोडावी. आबांनी हे मला हसत सांगितलं, पण त्या आठवड्यात सिग्नलला ते हाळी द्यायचे विसरत होते. बापाची काठी जाणार, ही भीती त्यांना पहिल्यांदाच वाटत होती, आणि ती लपवता येत नव्हती.

जत्रेला आबांनी मलाही नेलं. ऊन मी म्हणत होतं. देवळापुढं हळदीनं पिवळी झालेली माणसं, एकीकडं येसर आमटीच्या कढया, आणि मांडवात टॉवेल टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे त्या भागाचे पुढारी. मागच्या जत्रेत यांनीच दुभाजकाला भगदाड पाडून देतो म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

सगळं तयार होतं, फक्त ढोल नव्हता. ढोल आबांच्या गाडीत, पुढच्या सीटवर, बेल्ट लावून बसलेला. इतर चार ढोल होते, पण ओवीला मानाचा ढोल तोच. कोंडिबा लिंबाखाली पाठ फिरवून उभे. आबा देवळाच्या पायरीवर काठी धरून उभे. ढोल काढायला आबा जाईनात, घ्यायला कोंडिबा येईनात. मधे देव ताटकळलेला.

"आबा, तुम्ही काढून द्या ना," मी म्हटलं.

"म्या नाय ठिवला."

मी कोंडिबांकडं गेले. "तुम्ही तरी घ्या."

"मला काय गरज? गाडीत बसायला आवडतं त्याला. बसू द्या."

शेवटी काकूंनी मला कोपरानं ढोसलं. मी गेले, दार उघडलं, बेल्ट सोडला. वर्षभर ज्यानं आमची पुढची सीट अडवली त्याला मिठी मारून उचलताना मला बरंही वाटत होतं. पण ढोल माझ्या अंदाजापेक्षा भलताच जड निघाला. चार पावलांवर माझी चप्पल मुरमात घसरली, ढोल कलला, आणि लिंबाखालून कोंडिबा पोरासारखे धावले.

"आवो बाई, सांभाळून! फुटंल त्यो!"

ढोल त्यांनी वरच्यावर झेलला, हातानं कातडं चाचपलं, आणि सवयीनं गळ्यात अडकवला. अडकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण देवापुढं गळ्यात घातलेला ढोल पुन्हा उतरवायचा कसा? चेहरा वाकडा करून ते आबांच्या समोर जाऊन उभे राहिले.

आबांनी सुरुवात केली. देवाचं नमन झालं, कोंडिबांनी उचललं. पावसाची ओळ टाकली, उचलली. मग दुभाजक आला:

"सडक झाली मोठी, गाड्या पळती झोकात,
मधी बांधला वटा, मेंढी उभी धाकात."

कोंडिबांनी ही अशी उचलली की मांडवाच्या कनाती हलल्या. भाऊसाहेबांनी मांडी थोपटली. नाव नव्हतं, त्यामुळं तेही निवांत होते. आबांना रंग चढला. रंगाच्या भरात त्यांनी पुढची ओळ टाकली:

"वाट होती वाडवडलाची, तळ्याला जायाची,
कोन्या धन्यानं घातली भित, सांगा कोन्या धन्यानं!"

ढोल बंद.

आबा कानाला तळवा लावून थांबले. गच्चीवर थांबायचे तसेच. कोंडिबा समोर उभे, ढोल बडवायचं टिपरू हातात, ओठ मिटलेले. आमटीच्या कढईवरची बाई पळी धरून उभी राहिली. भिंत कुणाची हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक होतं. एवढ्या माणसांत ते ठाऊक नसल्यासारखे एकटे आबाच होते.

आबांनी ओळ पुन्हा टाकली. आवाज मोठा लागला, पण शेवटाला कापला. "सांगा कोन्या धन्यानं!"

कोंडिबांनी टिपरू कमरेला खोचलं.

माझ्या शेजारी काकूंनी पदर तोंडात धरला. मला आबांचा राग येत होता आणि त्याच वेळी त्यांना तिथून हात धरून न्यावंसं वाटत होतं. सत्तरीच्या आसपासचा माणूस, भर उन्हात, बापाची काठी घेऊन उभा होता आणि त्याची ओळ मातीत पडली होती. काठीचे घुंगरू वाजत होते.

आबांनी काठी खाली ठेवायला म्हणून वाकवली. मग ती तशीच धरून कोंडिबांकडं पाहिलं. मुंडासं काढलं. आणि बोलल्यासारखी, जवळजवळ चाल न लावता ओळ टाकली:

"नाव घेतो, ऐका मंडळी, गाव नाय सांगत,
लिंबाजी धन्यानं घातली भित, ह्या लिंबाजी धन्यानं."

मग कमरेचं टिपरू निघालं, ढोलावर अशी थाप पडली की लिंबावरचे कावळे उडाले, आणि कोंडिबांनी ओळ उचलली. "लिंबाजी धन्यानं घातली भित, ह्या लिंबाजी धन्यानं!" वर्षभराचा आवाज साठलेला होता. एकदा उचलून त्यांचं समाधान होईना. त्यांनी ती पुन्हा म्हटली. फेर धरून म्हटली, आबांच्या भोवती फिरून म्हटली, तोंडापुढं तोंड नेऊन म्हटली. अख्खी वस्ती झीलेला लागली. भंडारा उधळला गेला. आबा पिवळेजर्द होऊन उभे.

"बास की आता," आबा दबक्या आवाजात म्हणाले.

"थांब, आजून चाल बसायची हाय," कोंडिबा म्हणाले. वर्षभरातलं हे त्यांचं आबांशी पहिलं बोलणं.

भाऊसाहेबही टाळ्या वाजवत होते. गवयानं स्वतःचंच नाव घेतलं, म्हणजे आपल्याला काही धोका नाही, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. एकदा नाव घ्यायची भीड मोडल्यावर आबा त्यांच्याकडं वळले. डोळे पुसत, पण चांगल्या खणखणीत आवाजात:

"माझं झालं सांगून, आता पाळी खुर्चीची,
भगदाड देतो म्हनले भाऊसाहेब, याद मागल्या जत्रंची!"

हीही कोंडिबांनी उचलली. अख्ख्या जत्रेनं उचलली. भाऊसाहेबांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. लगेच त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि तो बोलत बोलत ते गाडीकडं गेले. त्या जत्रेत आबांना शाल मिळाली नाही.

परतताना पुढची सीट रिकामी होती. ढोल कोंडिबांकडं राहिला होता. तरी काकू मागंच बसल्या, माझ्याजवळ.

"काकू, आता पुढं बसा की. पाय पसरा," मी म्हटलं.

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आबांना ऐकू जाणार नाही असं बोलल्या. "मागल्या साली भांडन झालं ना, तवा कोंडिबा भावजींनी गळ्यातला ढोल काढला आन् गाडीचं दार उघडून ह्या शिटावर ठिवला. तुझा तू वाजव म्हनले आन् गेले. तवापून ह्यांनी त्याला हात लावला नाय. त्यानं ठिवला तितंच राहू दे म्हनले. ब्रेक लागला तर पडंल म्हनून पट्टा तेवडा बांधला. रोज संगं घेऊन यायचे. भावजी रस्त्याला दिसायचे, हे गाडी हळू करायचे. कधीतरी त्यो येऊन घेईल म्हनून."

मला सकाळची ती रिकामी जागा आठवली. गच्चीवर ओळ टाकून, करमाडकडं तोंड करून, कानाला तळवा लावून उभे असलेले आबा. त्यांना ओळ आठवत नव्हती असं नाही. ते उचलणाऱ्याची वाट पाहत होते, आणि त्या जागेत रोज माझा कुकर शिट्टी मारत होता.

दुभाजक अजून तसाच आहे, हे सांगायला हवं. आबांच्या ओवीनं सरकार हललं नाही. भिंत मात्र हलली. भाडेकरूशी भांडून आबांनी मेंढवाटेवरचा तेवढा तुकडा पाडला आणि निळं फाटकही काढून टाकलं. वॉचमन आहे, पण आता त्याला कुणी नाव सांगत नाही. मेंढरं जाताना तो उगाच उभा राहतो. देशपांडे सरांना मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग ठीक आहे. गाऊ द्या त्यांना."

जत्रेनंतर लागलेली उन्हाळी सुट्टी संपली आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मी खाली आले तर काकूंचे गुडघे फारच दुखत होते, त्या येणार नव्हत्या. आबांनी पुढचं दार उघडलं.

"बसा बाई पुढं."

मी बसले. पाय पसरून पाहिले. खरंच ऐसपैस जागा होती.

"पट्टा लावा," आबा म्हणाले. "ढोलाला सवय होती, तुमाला नाय."

जालना रोडला लागलो. करमाड जवळ आलं, भिंतीचं भगदाड दिसायला लागलं, आणि त्यातून मेंढरं बाहेर पडत होती. आबांनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि हाळी दिली नाही. नळाच्या देवाची जुनी ओळ टाकली, "मी इचारून सांगतो ग सांगतो," आणि कानाला तळवा लावून थांबले.

धुळीपलीकडून, मेंढरांच्या बेंबेंमधून, खणखणीत आवाज आला. पण ओळ ती नव्हती.

"लिंबाजी धन्यानं घातली भित, ह्या लिंबाजी धन्यानं!"

"आता ह्यो जलमभर हेच म्हनत बसनार," आबा वैतागून म्हणाले. तळवा त्यांनी कानावरून काढला नाही. मला शाळेला उशीर होत होता, तरी मी माझ्याही बाजूची काच खाली केली.